दाखल्यावाचून शिष्यवृत्ती अडते, ती कशी?

महोत्सवी अंकासाठी काही उपयुक्त लिहावे अशी ट्रस्टच्या मंडळींची आज्ञा झाली. आम्ही पडलो शिक्षक. तेव्हा गौरवलेखाऐवजी एक धडाच लिहावा असे योजिले.

नंदगड व भोवतालच्या खेड्यांतील मुले दहावीनंतर खानापूर-बेळगावास शिकावयास जातात. त्यांपैकी कित्येकांचे शिक्षण गुणांपायी अडत नाही. ते अडते कागदापायी.

काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गातील एक मुलगी उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली. वडील वारलेले, आई मोलमजुरी करणारी. आई ऊसतोडीस कोल्हापूरकडे गेली असता खोपीतच मुलीचा जन्म झाला. नोंद कोठेच नाही. शाळेत घालताना आजोबांनी अंदाजाने तारीख सांगितली. आधार कार्डावर दुसरीच पडली. आडनाव एका कागदावर ‘शेख’, तर कन्नडमधून उतरलेल्या दुसऱ्यावर ‘शेक’. शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला, फी भरता आली नाही आणि वर्ष फुकट गेले. दोष आमचाही होता. ती आठवीत असतानाच तिचे कागद आम्ही पाहावयास हवे होते.

आता नियम पाहू. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. जन्माची खबर २१ दिवसांत द्यावयाची. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंबशुल्क, वर्षापर्यंत लेखी परवानगी, आणि वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्यांचा हुकूम लागतो. २०२३ च्या दुरुस्तीने हे काम जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी नेमलेले कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे दिले आहे. ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही की, नोंद राहत्या गावी होत नसून जन्म जेथे झाला तेथे होते. वडिलांच्या मृत्यूचेही तसेच. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना तर शाळा-कॉलेजच्या प्रवेशासाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा ठरविला आहे.

वयाचा पुरावा नाही म्हणून बालकास शाळेत प्रवेश नाकारू नये, असे २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. परंतु ते संरक्षण ६ ते १४ वर्षांच्या मुलांचे. पुढे शाळेचे दार मागे राहते व शिष्यवृत्तीचे दार समोर येते. तेथे नाडकचेरीतून मिळालेले उत्पन्नाचे व जातीचे दाखले, दहावीची गुणपत्रिका आणि आधार यांचा मेळ बसावा लागतो; पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होतात. एका अक्षराचा फरकही मग डोंगराएवढा होतो.

आपल्या भागात शिक्षणसाहाय्याची परंपरा जुनी आहे. छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली; १९०६ मध्ये तेथे मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. १९१९ मध्ये भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. त्या काळी गरीब मुलास भाकरी व निवारा दिला की पुष्कळ होई. आज त्याच्या बरोबरीने कागद जुळवून देणे हेही साहाय्यच होय.

म्हणून पालकांस व ट्रस्टच्या सभासदांस आमची तीन कामे सुचविण्याची इच्छा आहे. पहिले, मूल आठवीत जाताच त्याचे सर्व कागद एकत्र मांडून नाव, आडनाव व तारीख अक्षरशः ताडून पाहावी. दुसरे, कन्नड न वाचता येणाऱ्या आईबापांबरोबर कचेरीत जाणारा एक जाणता मनुष्य प्रत्येक मोहल्ल्यात व गल्लीत असावा. तिसरे, शिष्यवृत्ती जमा होईपर्यंत फीपुरती बिनव्याजी उसनवार रक्कम ट्रस्टने द्यावी व नंतर परत घ्यावी. म्हणजे तोच पैसा पुढच्या मुलाच्या उपयोगी पडेल.

त्या मुलीचे काय झाले, हे वाचक विचारतील. शाळेच्या नोंदीचा उतारा घेऊन आम्ही तिच्या आईसह तीन खेपा घातल्या. दंडाधिकाऱ्यांचा हुकूम झाला, दाखला मिळाला, आधारवरील तारीख व आडनाव दुरुस्त झाले. पुढील वर्षी ती कॉलेजात गेली व पदवीधर झाली. तिचे गेलेले वर्ष मात्र आम्हांस परत देता आले नाही. दुसऱ्या कोणाचे तसे जाऊ नये, एवढ्यासाठी हा धडा.