पक्षाघातावरील यांत्रिक उपचार आणि कर्जत-खालापूरपुढील वेळेचा प्रश्न

‘अंगावरून वारे गेले’ असे आपल्याकडे म्हणण्याची रीत आहे. वारा कोठून आला हे कळत नाही आणि त्याला अडविताही येत नाही, अशी हतबलता या शब्दांत दडलेली आहे. वैद्यकशास्त्राने ही समजूत आता खोटी ठरविली आहे. पक्षाघात हा हातापायांचा नव्हे, तर मेंदूचा विकार असून वेळेवर उपचार झाल्यास अनेकांचे अपंगत्व टळू शकते.

मेंदूत काय घडते?

बहुसंख्य रुग्णांमध्ये मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीत रक्ताची गुठळी अडकते. उरलेल्यांमध्ये रक्तवाहिनी फुटून रक्तस्राव होतो. पाटात ओंडका अडकला म्हणजे पुढचे वाफे सुकू लागतात, तसाच हा प्रकार आहे. मात्र वाफा दोन दिवस तग धरतो, मेंदूला तेवढा अवधी नसतो. मोठी रोहिणी बंद पडल्यास दर मिनिटास सुमारे १९ लाख मज्जापेशी नष्ट होतात, असा अंदाज २००६ साली मांडण्यात आला.

औषधाकडून यंत्राकडे

शिरेतून औषध देऊन गुठळी विरघळविण्याचा उपाय १९९५ साली अमेरिकेतील अभ्यासाने सिद्ध झाला. तेव्हा त्याची मुदत तीन तासांची होती. २००८ साली ती साडेचार तासांपर्यंत वाढविता येते असे दिसून आले. तथापि मोठ्या रोहिणीतील गुठळी औषधाला सहसा दाद देत नाही. अशा वेळी जांघेतील किंवा मनगटातील रोहिणीतून बारीक नळी क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत मेंदूपर्यंत नेतात. तारेच्या जाळीत गुठळी गुंतवून ती बाहेर ओढतात किंवा नळीवाटे शोषून घेतात.

नेदरलँड्समधील ५०० रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ साली छापून आले. तीन महिन्यांनंतर स्वतःचे व्यवहार स्वतः करू शकणाऱ्यांचे प्रमाण नेहमीच्या उपचारात शेकडा १९ होते. जोडीला हा उपचार मिळालेल्यांत ते शेकडा ३३ झाले. त्याच वर्षी इतर चार अभ्यासांनी यास दुजोरा दिला. हा रामबाण उपाय नव्हे, हेही या आकड्यांवरून दिसते. पुढे निवडक रुग्णांना २४ तासांपर्यंत लाभ होऊ शकतो असे आढळले. परंतु मेंदूचा वाचविण्याजोगा भाग शिल्लक आहे असे तपासणीत दिसले तरच. म्हणून २४ तास हाताशी आहेत, असे कोणीही समजू नये.

रस्त्यापूर्वीचा रस्ता

या उपचारास विशेष प्रयोगशाळा आणि प्रशिक्षित डॉक्टर लागतात. ही सोय प्रामुख्याने मोठ्या शहरांत आहे. कर्जत हे रेल्वेचे जंक्शन आणि खालापूर तालुक्यातून जाणारा द्रुतगती मार्ग, यामुळे नकाशावर पनवेल, मुंबई व पुणे जवळच दिसतात. पण डोंगरातील ठाकूर-कातकरी वाड्यांचा वेळ डांबरी रस्ता लागण्यापूर्वीच खर्ची पडतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा बचाव पथकांना पायीच डोंगर चढावा लागला. अशा वाडीतील रुग्ण झोळीतून खाली यावयाचा असतो. त्यातच ‘सकाळी पाहू’ म्हणून रात्र गेली, तर शहरातील यंत्र असून नसल्यासारखेच होय.

गावाने काय करावे?

तोंड एका बाजूस वाकडे होणे, एक हात वा पाय एकाएकी लुळा पडणे, बोलणे अडखळणे, अचानक तोल जाणे किंवा दिसेनासे होणे, यांपैकी एक खूण दिसली तरी १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. रुग्ण शेवटचा धडधाकट केव्हा दिसला ती वेळ लिहून ठेवावी. झोपेतून उठताच लक्षणे दिसल्यास झोपण्याची वेळ नोंदवावी. तेल चोळण्यात वेळ दवडू नये. पाणी, अन्न किंवा गोळी तोंडावाटे देऊ नये. घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो आणि रक्तस्राव असल्यास रक्त पातळ करणारी गोळी घातक ठरते. चालू औषधांची चिठ्ठी व एक जबाबदार नातेवाईक सोबत असावा.

रुग्णास सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. ती रात्रंदिवस कोठे चालू असते, हे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडून समजून घेऊन ग्रामपंचायतीने फलकावर लिहावे. झोळी वाहणारे तरुण आणि रात्री मिळणारे वाहन यांची यादी पावसाळ्यापूर्वीच तयार ठेवावी. या उपचाराचा खर्च मोठा असल्याने शासकीय आरोग्य योजनेतील मदतीविषयी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे चौकशी करावी.

शिक्षकांनी या खुणा मुलांना शिकवाव्यात, कारण दुपारी घरी आजी-आजोबांजवळ बहुधा मुलेच असतात. रक्तदाब व मधुमेह यांची नियमित तपासणी आणि तंबाखू-मिश्रीचा त्याग यांमुळे हा प्रसंग पुष्कळदा टळतो. तरीही तो आलाच, तर गुठळी काढण्याचे काम शहरातील डॉक्टर करतील; रुग्णास वेळेत त्यांच्यापर्यंत पोचविण्याचे काम मात्र गावालाच करावे लागेल.