बॅटरीला कोपरा नको, वारा द्या

भाव चढेल म्हणून कापूस घरात भरून ठेवायचा, ही आपल्या वर्धा जिल्ह्यातली जुनी रीत. दिवाळीनंतर कित्येकांच्या बैठकीत छताला टेकेल एवढा ढीग असतो आणि त्याच बैठकीच्या कोपऱ्यात इन्व्हर्टर. बॅटरी कोणत्या कंपनीची घ्यावी यावर लोक आठवडाभर चर्चा करतात. ती ठेवायची कुठे, हे मात्र जिथं जागा उरली असेल तिथं ठरतं.

हिंगणघाट तालुक्यात माझ्या मावसभावाकडे ती जिन्याखालच्या बंद फडताळात होती. लाइन नुकतीच आली होती, चार्जिंग सुरू होतं. पाणी भरायला आलेल्या मुलानं काहीही बंद न करता टर्मिनलचा नट पान्यानं सैल करायला घेतला. ठिणगी पडली, सुतळी बॉम्बसारखा आवाज झाला, आणि बॅटरीचं वरचं झाकण फुटून ॲसिड त्याच्या तोंडावर उडालं. वहिनीनं त्याला ओढत मोरीवर नेलं आणि दवाखान्याची गाडी येईपर्यंत डोळ्यांवर पाणी ओतत राहिली. डोळे वाचले ते त्यामुळे. कापूस आदल्याच आठवड्यात बाजारात गेला होता, नाहीतर घर राहिलं नसतं.

झालं काय, तर शिशाच्या बॅटरीत चार्जिंग होताना आतल्या पाण्यातून हायड्रोजन सुटतो. त्याला ना रंग ना वास. हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं की एक ठिणगी पुरते. मोकळ्या हवेत तो वर निघून जातो, फडताळात साचतो. म्हणून बॅटरी खिडकीजवळ, सावलीत ठेवा. कापूस, सिलिंडर आणि देवघरापासून लांब. खंडेनवमीला हळदकुंकू खुशाल वाहा, पण निरांजन जवळ नेऊ नका. पाण्याची पातळी बघायला आगकाडी ओढणारे महाभागही आहेत, बापा!

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या वर जातो आणि बॅटरीतलं पाणी भराभर आटतं. उन्हाळाभर फ्लोटवर नजर ठेवा. पाणी डिस्टिल्डच घाला. एसीचं किंवा आरओचं चालत नाही, आणि वरून ॲसिड तर कधीच नाही.

हात लावण्याआधी इन्व्हर्टर बंद, मेन बंद. केबल काढताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी. अंगठी, बांगडी, कडं काढून ठेवा. १२ व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून लोक गाफील राहतात. पण दोन टर्मिनलांवर धातू टेकला तर क्षणात लाल होतो आणि बोट भाजून निघतं. चष्मा आणि रबरी हातमोजे हवेतच. जोडणी परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या.

ॲसिड डोळ्यात गेलं तर निदान पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्यानं धुवत राहा. खाण्याचा सोडा फरशीवर सांडलेल्या ॲसिडसाठी आहे, डोळ्यासाठी नाही. मग सेवाग्राम किंवा सावंगी, जे जवळ असेल ते गाठा.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका; तो ॲसिड नालीत ओततो. २०२२च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना जुनी दुकानातच परत करा, तिची किंमत बिलातून वजा करून मिळते.