मूकनायक ते प्रबुद्ध भारत : डॉ. आंबेडकरांची पत्रकारिता

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपल्याला
१. डॉ. आंबेडकरांच्या वृत्तपत्रीय कार्याचे टप्पे सांगता येतील;
२. वृत्तपत्र आणि त्याचा वाचकवर्ग यांचे नाते स्पष्ट करता येईल;
३. त्यांच्या वैचारिक गद्याची वैशिष्ट्ये नोंदवता येतील.

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, डॉ. बाबासाहेब आंबेडकर घटनाकार म्हणून आपल्याला परिचित आहेत. मात्र १९२० पासून १९५६ पर्यंत ते या ना त्या नियतकालिकाशी निगडित होते, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्या समाजासाठी वृत्तपत्र चालवायचे कसे, हा या कार्यातील कळीचा प्रश्न होता.

पूर्वपीठिका

कृष्णराव भालेकर यांचे ‘दीनबंधु’ (१८७७) आणि शिवराम जानबा कांबळे यांचे ‘सोमवंशीय मित्र’ (१९०८) ही पत्रे आधी निघाली होती. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची वाटचालही अशीच होती. आपली बाजू आपणच मांडावी या भूमिकेतून १८२७ मध्ये न्यूयॉर्क येथे ‘फ्रीडम्स जर्नल’ सुरू झाले. जमावाकडून होणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या हत्यांविरुद्ध लिहिणाऱ्या आयडा वेल्स यांच्या मेम्फिस येथील पत्राची कचेरी १८९२ मध्ये उद्ध्वस्त करण्यात आली. त्यांना पुलित्झर सन्मान मिळाला तो २०२० मध्ये, मरणोत्तर. योगायोगाने तेच ‘मूकनायक’चे शताब्दी वर्ष होते.

‘मूकनायक’

३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू झाले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. त्या वेळी डॉ. आंबेडकर मुंबईच्या सिडनेहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते. त्यामुळे संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. पैसे देऊनही ‘केसरी’ने या पत्राची जाहिरात छापली नाही.

पहिल्याच अंकातील अग्रलेखात त्यांनी हिंदू समाजाला अनेक मजल्यांच्या, पण शिडी नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली. ज्या मजल्यावर जन्म, त्याच मजल्यावर मरण, असा तिचा आशय. त्याच लेखात आगबोटीचाही दृष्टान्त येतो. सहप्रवाशांचे नुकसान करण्यासाठी बोटीला भोक पाडणारा स्वतःही बुडतो. अवघड समाजशास्त्रीय विचार डोळ्यांसमोर उभा करणारी ही शैली अभ्यासनीय आहे. वाचता न येणाऱ्याला कोणी अंक वाचून दाखवला, तरी असा दृष्टान्त ध्यानात राहतो.

१९२० मध्येच ते शिक्षणासाठी लंडनला गेले. पुढे ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप यांनी संपादन सांभाळले. परंतु १९२३ मध्ये पत्र बंद पडले.

मधला काळ आणि सोलापूर

यानंतर १९२७ पर्यंत त्यांनी नवे पत्र काढले नाही. मात्र हा काळ रिकामा गेला नाही. जुलै १९२४ मध्ये ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ स्थापन झाली आणि सभेतर्फे ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापूर येथे विद्यार्थी वसतिगृह सुरू झाले. सोलापूर नगरपालिकेने त्यास दरमहा अनुदान दिले. या वसतिगृहातील विद्यार्थी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक चालवीत. पाठाच्या दृष्टीने ही बाब मोलाची आहे. वृत्तपत्राला जो वाचक हवा होता, तो अशा वसतिगृहांतून घडत होता. आणि सोलापुरात तर तो वाचक स्वतःच लिहू लागला होता.

‘बहिष्कृत भारत’ आणि नंतर

मार्च १९२७ मध्ये महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि ३ एप्रिलला ‘बहिष्कृत भारत’ निघाले. या वेळी संपादक म्हणून त्यांचेच नाव होते. सत्याग्रहावर टीका होत असताना त्यांनी आपली बाजू या पत्रातून सविस्तर मांडली. हाताखाली लेखकवर्ग नसल्याने अंकाचे चोवीस-चोवीस रकाने त्यांना एकट्याने भरावे लागत. १९२८ मध्ये त्यांनी पत्रावरील कर्जाचा प्रश्न वाचकांपुढे ठेवला. हे कर्ज एका व्यक्तीचे नसून समाजाचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. तरीही नोव्हेंबर १९२९ मध्ये हे पत्र थांबले. पुढच्याच वर्षी, २४ नोव्हेंबर १९३० रोजी, ‘जनता’ सुरू झाले. ते दीर्घकाळ चालले आणि ४ फेब्रुवारी १९५६ पासून त्याचे नाव ‘प्रबुद्ध भारत’ झाले.

समारोप

नावांचा हा क्रम पाहा : मूक, बहिष्कृत, जनता, प्रबुद्ध. एका समाजाची वाटचाल या चार शब्दांत सामावली आहे. पत्रे पैशाअभावी बंद पडली, पण प्रत्येक वेळी पुढच्या पत्राला अधिक वाचक लाभावेत, अशी तयारी मधल्या काळात होत गेली. म्हणूनच या पत्रकारितेचे मूल्यमापन केवळ अंकांच्या संख्येवरून करता येत नाही.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. ‘मूकनायक’मधील मनोरा व आगबोट या दृष्टान्तांचे प्रयोजन स्पष्ट करा.
२. १९२३ ते १९२७ या काळातील शैक्षणिक कार्याचा पत्रकारितेशी असलेला संबंध सांगा.
३. आपल्या गावात येणाऱ्या कोणत्याही एका दैनिकाचे आठवडाभराचे अंक पाहा. त्यांत कोणाचे प्रश्न येतात आणि कोणाचे येत नाहीत, याची दीडशे शब्दांत नोंद करा.