अबोल मूल आणि शिक्षकाची नोंद

पहिलीत नव्याने दाखल झालेले एखादे मूल नावाने हाक मारली तरी वळून पाहत नाही. विचारलेला प्रश्नच ते उत्तरादाखल परत म्हणते. मधल्या सुट्टीत इतर मुले अंगणात खेळत असता ते कोपऱ्यात बसून गाडीचे एकच चाक फिरवीत राहते. अशा मुलास हट्टी, मुके किंवा वेडसर ठरवून मोकळे होण्याची चाल गावोगाव आढळते. आणि ‘तुम्हीच त्याला लाडावून ठेवले’ असे त्याच्या आईला ऐकविणारेही भेटतात. वस्तुतः असे मूल स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेले, असू शकते. ‘असू शकते’ एवढेच शिक्षकाने म्हणावे. निदान हे तज्ज्ञाचे काम होय. परंतु ते ज्या माहितीवर उभे राहते, त्यातील बरीचशी शिक्षकापाशीच असते.

स्वमग्नता रक्ताच्या तपासणीत अथवा क्ष-किरण चित्रात दिसत नाही. ती वागण्यावरूनच ओळखावी लागते. या अवस्थेचे पहिले सविस्तर वर्णनही एका पित्याच्या टिपणांच्या आधारे आकारास आले. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाचे लहानसे गाव आहे. तेथील डोनाल्ड ट्रिप्लेट या पाच वर्षांच्या मुलास १९३८ साली बाल्टिमोर येथे बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांच्याकडे नेण्यात आले. तत्पूर्वी त्याच्या वडिलांनी, जे वकील होते, मुलाच्या वागण्याचे ३३ पानी टंकलिखित वर्णन पाठविले होते. मुलगा एकटा असला म्हणजेच आनंदात असतो, हाती येईल ती वस्तू गरगर फिरवितो, असे बारकावे त्यात होते. १९४३ साली कॅनर यांनी ११ मुलांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यात डोनाल्ड पहिला होता.

शिक्षकाकडून ३३ पानांची अपेक्षा नाही. वहीचे एक पान पुरे. मात्र त्यात शेरे नसावेत, घटना असाव्यात. ‘लक्ष देत नाही’ या शेऱ्याचा डॉक्टरांना काहीच उपयोग नाही. ‘तीन वेळा हाक मारली, पाहिले नाही, दूरवर ट्रॅक्टरचा आवाज येताच खिडकीशी धावले’ ही नोंद मात्र मोलाची. मूल दुसऱ्याच्या नजरेला नजर देते काय, आवडलेली वस्तू बोटाने दाखवून इतरांना आनंदात सामील करून घेते काय, नेहमीची जागा बदलली की आकांत करते काय, घंटा वाजताच कान झाकते काय, हे तारखेसह लिहावे. यातील एखादेच लक्षण असले म्हणून स्वमग्नता सिद्ध होत नाही.

येथे घाई करणे घातक आहे. लाजाळू मूल शाळेत गप्प असले तरी घरी मोकळेपणाने बोलते. बहिरे मूल हातवाऱ्यांनी व चेहऱ्याने आपले म्हणणे पोचविते. म्हणून श्रवणतपासणी आधी व्हावी. कोरकू किंवा भिली बोलणारे मूल मराठी वर्गात पहिले काही महिने मुके राहिले, तर दोष मुलाचा नव्हे. उलटपक्षी, काही मुली मैत्रिणींचे अनुकरण करून वेळ निभावतात व त्यांच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही.

नोंद तयार झाल्यावर पालकांशी एकांतात बोलावे. चारचौघांत कदापि नाही. ‘मोठे झाले की बोलेल’ म्हणून थांबण्यात मोलाची वर्षे जातात, हे त्यांना समजावून द्यावे. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा येते. त्या दिवशी वही पुढे ठेवावी. तेथून मुलास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविता येते. प्रमाणपत्रासाठी भारतीय मापनश्रेणी वापरतात. तीत ४० बाबी असून प्रत्येकीस १ ते ५ गुण असतात. एकूण ७० किंवा अधिक गुण आल्यास स्वमग्नता मानली जाते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अवस्थेचा स्पष्ट समावेश आहे.

आईला दोष देण्याच्या प्रवृत्तीला एकेकाळी तज्ज्ञांचाही आधार होता. पालकांच्या थंडपणाविषयी खुद्द कॅनर यांनीच लिहिले होते. १९६९ साली पालकांच्या सभेत त्यांनी पालकांना जाहीरपणे दोषमुक्त केले. पुढे १९७७ साली इंग्लंडमध्ये जुळ्यांच्या अभ्यासातून आनुवंशिकतेचा वाटा दिसून आला. लशीमुळे स्वमग्नता येते, हा समजही निराधार ठरला आहे.

निदान झाले तरी मूल येणार ते याच वर्गात. डोनाल्डला काही वर्षे एका शेतकरी दांपत्याकडे ठेवण्यात आले होते. त्याला मोजण्याचा ध्यास होता, तेव्हा त्यांनी त्याला विहीर खणून तिची खोली मोजावयास लावले. मक्याच्या ओळी मोजता मोजता तो नांगर धरावयास शिकला. जवळच्या खेड्यातील शाळेने त्याच्या विक्षिप्तपणासह त्याला सामावून घेतले व तेथे त्याची अभ्यासात चांगली प्रगती झाली. पुढे तो आपल्या गावच्या बँकेत नोकरीस लागला, मोटार चालवू लागला, आणि २०२३ साली वयाच्या ८९ व्या वर्षी वारला.