ड्युटी सांभाळून शिकणाऱ्याला आत्याचे कानमंत्र

बाळा, नोकरी लागली तेव्हा 'सुटलो एकदाचा अभ्यासातून' म्हणून गावभर पेढे वाटलेस. आता बघ. एमआयडीसीत असलास तर सेफ्टीचा व्हिडिओ, शाळेवर असलास तर दीक्षा, सरकारी कचेरीत असलास तर आयगॉट कर्मयोगी, आणि आपल्या धाकटीसारखी अंगणवाडीत असलीस तर पोषण ट्रॅकरमधलं काहीतरी नवं. महिना सरत नाही तोवर ग्रुपवर लिंक येऊन पडतेच.

तोंड वाकडं करू नकोस. कामावर राहून शिकणं आपल्या भागाला नवं नाही. किर्लोस्करवाडी १९१० साली माळावर वसली, तिथं निवडुंग नि साप होते, शिकलेले कारागीर नव्हते. माणसं कामावरच घडली. तिथूनच १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी कारखान्याची माहिती देणारं 'किर्लोस्कर खबर' काढलं, तेच पुढं घरोघरी वाचलं जाणारं 'किर्लोस्कर' मासिक झालं. त्याच किर्लोस्करांचे नांगर विकत भाऊराव पाटील गावोगाव हिंडले. १९१९ साली त्यांनी कराडजवळ काल्याला रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढं 'कमवा आणि शिका' उभं केलं. तेव्हा 'नोकरीमुळं शिकायला वेळ मिळत नाही' हे सातारा-सांगलीच्या पोरानं निदान माझ्यासमोर तरी बोलू नये.

ॲप कसं चालवायचं ते मी सांगणार नाही, ते तुला माझ्याहून चांगलं येतं. ॲपच्या अवतीभवती जे घोटाळे होतात, त्याचं सांगते.

१. लिंक आली की आधी ती कुणी पाठवली ते बघ, आणि मग उघड — साहेबाचा फोटो लावून दुसराच कुणी बसलेला असतो. लिंक गोड, खातं ओस.

२. ओटीपी ॲपच्या चौकटीत आपल्या हातानं टाकायचा, फोनवर कुणालाही सांगायचा नाही, मग तो जिल्ह्याच्या ऑफिसातून बोलतोय म्हणाला तरी — ऑफिसला तुझा ओटीपी लागत नाही, चोराला लागतो.

३. फसलासच तर चार दिवस तोंड लपवत बसू नकोस, लगेच १९३० ला फोन लाव — पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत तक्रार गेली, तर ते अडवता येण्याची आशा असते.

४. ट्रेनिंगला जो नंबर नोंदवलास तो रिचार्जच्या स्कीमपायी टाकून देऊ नकोस — नवं कार्ड स्वस्त पडतं, पण लॉगिनचा ओटीपी जुन्याच नंबरावर जातो नि तू ऑफिसात अर्ज लिहीत बसतोस.

५. पाटण-जावळीच्या खोऱ्यात किंवा जतच्या टोकाला ड्युटी असेल तर धडा आदल्या रात्री घरीच डाउनलोड करून ठेव — दीक्षावर तो रेंज नसतानाही बघता येतो. फक्त रेंजमध्ये आल्यावर ॲप एकदा उघड, नाहीतर तुझी मेहनत फोनमध्येच राहते आणि यादीत तुझ्या नावापुढं 'अपूर्ण' दिसतं.

६. मामाच्या लग्नातले व्हिडिओ फोनमधून काढ बाबा — जागा नसली की ॲप अपडेट होत नाही, आणि हे नेमकं शेवटच्या दिवशी कळतं.

७. शेवटच्या तारखेची वाट बघू नकोस — त्या दिवशी अख्खा जिल्हा एकदम लॉगिन करतो. मुदत सरली, चकती फिरली.

८. ॲप खरंच चालत नसेल तर गप्प राहू नकोस. स्क्रीनशॉट काढ, तारीख-वेळ लिही, वर कळव — न कळवलेली अडचण पुढं तुझा आळस म्हणून मोजली जाते. २०२१ मध्ये राज्यभरच्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले ते हौसेनं नव्हे. फोन जुनाट आणि ॲप इंग्रजीत, मग काम करायचं कसं? त्या बोलल्या म्हणून ॲप मराठीत हवं हा विषय कोर्टापर्यंत गेला.

आता शिकण्याचं. इथं जरा सावकाश वाच.

९. एका बैठकीला एकच धडा, दहा-पंधरा मिनिटांचा — रविवारी बसून सात धडे उरकलेस तर सोमवारी पहिला आठवत नाही, सातवा समजलेला नसतो.

१०. व्हिडिओत जे बघितलंस ते त्याच दिवशी हातानं कर. पाहिलं ते पुसलं, केलं ते बसलं.

याला कारण सांगते, माझ्याच अंगणवाडीच्या खात्यातलं. मुलाची उंची मोजायचा व्हिडिओ बघायला सोपा. दोन वर्षांच्या आतलं मूल आडवं झोपवून मोजायचं, त्यावरचं उभं करून. व्हिडिओतलं बाळ शहाणं असतं. आपल्या अंगणवाडीतलं पाय आखडतं, रडतं, उताणं राहतच नाही. आईला डोक्याकडं बसवून डोकं फळीला टेकलेलं धरायला सांगायचं, आपण एका हातानं गुडघे हलकेच दाबायचे, दुसऱ्या हातानं सरकती फळी तळव्यांना भिडवायची. केसांतली क्लिप नि अंबाडा आधी सोडायचा. उभ्यानं मोजायच्या मुलाला आडवं मोजलं तर साधारण ०.७ सेंटिमीटरचा फरक पडतो. तेवढ्यानं एखादं खुजं मूल ॲपमध्ये ठीकठाक दिसतं आणि त्याच्याकडं कुणी बघत नाही. व्हिडिओ शंभर टक्के पूर्ण, सर्टिफिकेट हातात, आणि माप चुकीचं! म्हणून पहिली चार मुलं कुणीतरी शेजारी बसून करून घ्यावी लागतात. तुझ्या सीएनसीवरही हेच असणार, फक्त तिथं रडायला कुणी नसतं.

११. बोलणारा भरभर बोलत असेल तर गती ०.७५ वर आण आणि अडलं तिथं स्क्रीनच्या डाव्या बाजूला दोनदा टॅप करून दहा सेकंद मागं जा — वर्गात मास्तरांना 'परत सांगा' म्हणायची लाज वाटायची, इथं कोण बघतंय?

१२. खिशात मावेल अशी वही ठेव आणि धडा संपल्यावर तीनच ओळी लिही, आपल्या भाषेत — स्क्रीनशॉट गॅलरीत मुक्कामाला जातो, परत भेटत नाही.

१३. स्क्रीनशॉट घ्यायचाच असेल तर व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठव आणि खाली चार शब्द मराठीत टाक — सहा महिन्यांनी शोधशील तेव्हा शब्दानं सापडेल.

१४. यूट्यूबवर शिकताना व्हिडिओची तारीख बघ — ॲप दर दोन-चार महिन्यांनी तोंड बदलतं, आणि तू दोन वर्षांपूर्वीचं बटण शोधत बसतोस.

१५. इंग्रजी मॅन्युअल अडलं तर गूगल लेन्सनं मराठी करून वाच, पण आकडे नि एककं मूळ पानावरूनच घे. बटणांची नावंही मशीनवर जशी आहेत तशीच पाठ कर — मशीनला तुझं मराठी भाषांतर कळत नाही.

१६. टाइप करायचा कंटाळा येत असेल तर कीबोर्डवरचा माइक दाब आणि मराठीत बोल. पाठवण्याआधी वाचून मात्र बघ — आमच्या एकीच्या अहवालात 'लसीकरण'चं 'लस्सीकरण' झालं होतं.

१७. एआयला खुशाल विचार, बिचारं कंटाळत नाही. पण कंपनीचं ड्रॉइंग, मुलांची नावं, कुणाचा आधार त्यात टाकू नकोस — घराबाहेर गेलेला कागद परत आणता येत नाही. आणि त्यानं दिलेलं उत्तर त्या कामातल्या माणसाला एकदा दाखव, कारण चुकीचं सांगतानाही त्याचा आवाज तेवढाच ठाम असतो.

१८. विचारणाऱ्याचं काम अडतं घटकाभर, न विचारणाऱ्याचं वर्षभर. शॉपवरच्या जुन्या मिस्त्रीला विचार, चहा तू पाज — मशीनचा आवाज बदलला की काय बिघडणार आहे, हे कुठल्याही कोर्समध्ये नाही.

१९. आणि तोच मिस्त्री फोन पुढं करून 'बाळा, तूच दे माझी परीक्षा' म्हणाला, तर प्रेमानं नाही म्हण. शेजारी बस, प्रश्न वाचून दाखव, उत्तर त्यालाच दाबू दे — आग विझवायच्या सिलिंडरची परीक्षा तू दिलीस तर कागदावर तो शिकलेला ठरतो. आणि आग लागली की पिन ओढायची, नळी ज्वाळेवर न धरता आगीच्या बुडाशी धरायची, हे ऐनवेळी त्याला ठाऊक नसतं.

२०. ग्रुपवर फिरणारी तयार उत्तरं उघडू नकोस. तुला वाटेल आत्या जुन्या वळणाची. पण माझं मत स्पष्ट आहे: उत्तरं बघून मिळवलेल्या शंभरापेक्षा स्वतः मिळवलेले साठ बरे — चुकलेले चाळीस तरी तुला कळतात.

२१. 'ओके सर' टाकायच्या आधी मेसेज वाच — 'ओके' म्हटलंस म्हणजे मान्य केलंस, नंतर 'मला माहीत नव्हतं' चालत नाही.

२२. चालत्या मशीनपाशी, खंबाटकीच्या घाटात नि गाडीवर धडा बंद — याचं कारणही सांगायला लागत असेल तर तुझ्या आईला फोन करते.

२३. एसटीत हेडफोन लाव — विट्यापर्यंतच्या सगळ्या गाडीला तुझं 'मॉड्यूल तीन' ऐकायचं नसतं.

२४. कामाचं ट्रेनिंग असेल तर कामाच्याच वेळेतला अर्धा तास माग. नम्रपणे, पण माग — रोज जेवणाच्या सुट्टीत नि झोपेतून वेळ काढून शिकणारा शिकत काहीच नाही, नुसता थकतो. साहेबालाही हे माहीत असतं, फक्त कुणी विचारत नाही म्हणून तो सांगत नाही.

२५. घरी फोन बंद ठेवायची एक वेळ ठरव. आपल्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावनं २०२२ साली ठरवलं, संध्याकाळी सातला भोंगा वाजला की टीव्ही-मोबाईल बंद, साडेआठला पुन्हा भोंगा. पोरं अभ्यासाला बसू लागली — अख्ख्या गावाला दीड तास जमला, तुला जेवताना तरी जमू दे. शिकण्यासाठी उघडलेला फोन रील बघतच मिटतो, हे मला कळत नाही असं समजू नकोस.

२६. सर्टिफिकेट मिळालं की त्याच दिवशी पीडीएफ स्वतःला मेल कर, सरकारी कागद डिजिलॉकरमध्ये ठेव — २०१९ च्या ऑगस्टातल्या महापुरात सांगलीकडं किती घरांतल्या ट्रंका पाण्याखाली गेल्या. कागद सुकवायला दोऱ्या बांधल्या, शाई मात्र परत आली नाही.

२७. पुढचं शिकायचं असेल तर वाट फार लांब नाही. स्वयमवर शिकायला पैसे लागत नाहीत, परीक्षेला लागतात. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरीवाल्यांनाही धरून चाललंय. आयटीआयवाल्यानं निमीच्या सराव परीक्षा द्याव्यात, त्या मराठीतही आहेत. पण एका वेळी एकच धर — तीन कोर्सना नाव घातलेल्याचा एकही पुरा होत नाही.

२८. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, फोनमधले न वापरलेले कोर्स नि ॲप काढून टाक — अर्धवट राहिलेलं बघत बसलं की पुढचं सुरू करायचाही उत्साह जातो.

२९. तुला जे नीट आलं ते पुढच्या नवख्याला दाखव, दोन मिनिटांचा व्हिडिओ करून का होईना. मशीन दाखव, हात दाखव, तोंड नाही दाखवलंस तरी चालेल — शिकवताना आपल्याला काय येत नाही ते आधी समजतं. कंपनीत शूटिंगला परवानगी आहे का, तेवढं मात्र विचारून घे.

३०. आणि अडलं तर मला फोन कर, रात्री नऊच्या आत. ॲपमधलं कळणार नाही मला, पण कुठल्या साहेबाला कसं विचारायचं ते कळतं. नुसती लिंक पाठवू नकोस. बोल.