दिनक्रमातून बालहक्कांचे शिक्षण

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्क करार स्वीकारला आणि भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी त्यास मान्यता दिली. या कराराच्या ४२ व्या कलमानुसार त्यातील तत्त्वे मोठ्यांप्रमाणेच बालकांपर्यंतही पोहोचविणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. परंतु ५४ कलमांचा हा दस्तऐवज सात-आठ वर्षांच्या मुलाला समजवावयाचा कसा? पाठ करून घेतलेली कलमे परीक्षेपुरतीच टिकतात. निवासी शाळेला मात्र येथे एक मोठी अनुकूलता आहे. मूल पहाटे उठल्यापासून रात्री निजेपर्यंत शाळेतच असते. म्हणून त्याचा संपूर्ण दिवसच बालहक्कांचे पाठ्यपुस्तक होऊ शकतो. प्राथमिक वर्गांत सहज घेता येतील असे काही उपक्रम पुढे मांडले आहेत.

हजेरी आणि नाव

पहिलीच्या वर्गात आरंभ नावापासून करावा. प्रत्येक मुलाने आपले नाव सांगावे, ते कोणी ठेवले हे ठाऊक असल्यास सांगावे आणि आपल्याला कसे हाक मारलेले आवडते तेही सांगावे. व्यंगावरून, रंगावरून वा गावावरून पडलेली टोपणनावे त्या दिवसापासून बंद व्हावीत. जन्मतः नाव मिळण्याचा हक्क करारात नोंदलेला आहे, हे मुलाला या वयात सांगण्याची गरज नाही. आपले नाव सन्मानाने उच्चारले जाते, एवढा अनुभव पुरेसा आहे.

पाण्याचा नळ

तिसरी-चौथीच्या मुलांना पिण्याच्या पाण्याच्या जागेचे निरीक्षण करावयास सांगावे. नळ किती उंचीवर आहे, हे त्यांनी वितीने मोजावे. वर्गातील सर्वांत लहान मुलाचा हात तेथवर पोहोचतो का? मधल्या सुटीत कोणाला मागे ढकलले जाते? निरीक्षणानंतर उपाय मुलांनीच सुचवावा. कोणी पायरी मागेल, कोणी लहानांची वेगळी रांग.

याच ठिकाणी बालक भीमरावांची हकीकत सांगावी. शाळेत त्यांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. नळाला हात लावण्याची मुभा नव्हती; शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे, आणि शिपाई नसला की तहान तशीच राही. त्यांचा हात नळापर्यंत पोहोचत होता. आड आली होती ती जात. हा फरक मुलांना नेमका कळतो. तोच विद्यार्थी पुढे २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर गेला आणि राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट झाली, ही साखळी मग केवळ इतिहासाचा धडा राहत नाही.

पंगत

भोजनगृहात समतेचा पाठ रोज घडतो. नेहमी त्याच वर्गाला शेवटी बसविले, तर पातळ आमटी नेहमी त्यांच्याच वाट्याला येते. बसण्याचा क्रम आठवड्याने बदलावा आणि तो मुलांनीच ठरवावा. आजारी मुलाला निराळी पेज मिळते, हा पक्षपात आहे का, असा प्रश्न चर्चेस ठेवावा. सर्वांना एकसारखे देणे आणि प्रत्येकाला गरजेप्रमाणे देणे यांतील भेद चौथीतील मुले आपल्या भाषेत उत्तम सांगू शकतात.

‘हवे’ आणि ‘हक्काचे’

चिठ्ठ्यांवर चित्रे काढावीत : शुद्ध पाणी, पतंग, औषध, मोबाइल, शाळा, गोळ्या-बिस्किटे, खेळण्यास वेळ, मन मोकळे करण्यास माणूस. गटांनी त्यांची ‘हवे’ आणि ‘हक्काचे’ अशी विभागणी करावी. खरा वाद खेळाच्या चिठ्ठीवर होतो. खेळ आणि विश्रांती हासुद्धा बालकाचा हक्कच आहे, असे ३१ वे कलम सांगते. यातून शिक्षकांनीही एक बोध घ्यावयाचा आहे. हक्क हे चांगल्या वर्तनाचे बक्षीस नव्हे. गृहपाठ अपूर्ण राहिला म्हणून जेवण वा खेळ तोडणे योग्य ठरत नाही. मुलांचे कर्तव्य शिकवावयाचे, ते शेजाऱ्यालाही तेवढाच हक्क आहे या जाणिवेतून.

विचारपेटी

हा उपक्रम सर्वांत सोपा दिसतो, परंतु खरी कसोटी येथेच लागते. पेटी कुलूपबंद असावी आणि मुलांचा हात पोहोचेल अशा उंचीवर, एकांताच्या जागी असावी. लिहिता न येणाऱ्याने चित्र टाकावे. पेटी ठरल्या दिवशी उघडावी. सूचना सर्वांसमोर वाचाव्यात. मात्र मारहाण, छळ वा नकोशा स्पर्शाची तक्रार कधीही जाहीर वाचू नये. ती जबाबदार व्यक्तीने त्वरित हाती घ्यावी आणि कायद्यानुसार पुढे न्यावी. प्रत्येक सूचनेला उत्तर मिळावे. नकार असल्यास कारणही सांगावे. उत्तर न मिळालेली पेटी मुलांना एवढेच शिकविते की बोलून उपयोग नाही.

चिठ्ठीत एखाद्या दिवशी आपल्याच विरुद्ध तक्रार निघेल, याची तयारी आम्हा शिक्षकांची हवी. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे. ही गोष्ट मुलांना सांगणारा शिक्षक स्वतः छडी बाळगू शकत नाही. १०९८ हा बालमदत क्रमांकही भिंतीवर मोठ्या अक्षरांत असावा.

निवासी शाळेतील मुलाला सायंकाळी घरी जाऊन आईच्या कुशीत गाऱ्हाणे सांगता येत नाही. म्हणून त्याचे ऐकणारे माणूस शाळेतच असले पाहिजे. पालकांनी भेटीच्या दिवशी गुणांच्या आधी एवढे विचारावे : ‘‘बाळ, इथे तुझे कोण ऐकते?’’ माजी विद्यार्थ्यांनीही शाळेत आल्यावर हाच प्रश्न लहानांना विचारावा. मुलाने क्षणाचाही विलंब न लावता एखादे नाव सांगितले, तर बालहक्कांचा पाठ त्या शाळेत नीट शिकविला जात आहे असे समजावे.