टेम्पो हेच घर, मग हक्कांचं काय?

प्रश्न : मी टेम्पो चालवतो. खोली सोडावी लागल्यापासून बायको आणि सहा वर्षांच्या मुलीसह टेम्पोतच राहतो. पोलीस रात्री उठवतात. आम्हाला काही हक्क आहेत का?

उत्तर : आहेत. घर गेलं म्हणून नागरिकाचे हक्क जात नाहीत.

आधी गाडीचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ नुसार मनाई असलेल्या जागी लावलेली, किंवा दहा तास वा अधिक बेवारस सोडलेली गाडी हटवता येते. म्हणून टेम्पो परवानगी असलेल्या जागीच लावा, कागदपत्रं जवळ ठेवा. मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. मात्र सार्वजनिक जागेवर कायम मुक्काम करण्याचा हक्क त्यातून मिळत नाही, हेही लक्षात ठेवा.

मतदार नोंदणीसाठी घराचा पुरावा नाही म्हणून मागे फिरू नका. नमुना ६ मध्ये तुम्ही झोपता ती जागा लिहा. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री येऊन खात्री करतात. त्यासाठी मुक्कामाची जागा शक्यतो एकच ठेवा.

मुलीला लगेच शाळेत घाला. शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

त्रास झालाच, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तुमच्या पत्नीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. मदतवाहिनी : १५१००.